सूर्य बिल पाठवत नाही

परवा एका मित्रानं फोन केला. म्हणाला, "गावाबाहेर रानात घर बांधतोय. मेन लाईन लांब आहे, सगळं सोलरवरच करणार. परवानगी कुणाची काढायची?" मी म्हटलं, "विजेसाठी कुणाचीच नाही." तो खूश झाला. मी म्हटलं, "एवढ्यात खूश होऊ नको. परवानगी लागत नाही, हीच खरी अडचण आहे."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

माझा धंदा वायरिंगचा. उद्यमनगरात मोटारी आणि पॅनेलची कामं करत वाढलो, गेली काही वर्षं सोलरही बसवतो. पण हा विषय डोक्यात शिरला तो धंद्यामुळं नाही, आमच्या आत्तीमुळं.

आत्तीचं घर राधानगरी तालुक्यात. गावठाणापासून दोन-अडीच किलोमीटर वर, डोंगराच्या अंगाला. जमीन मालकीची, सातबारा नावावर. घरच्या वाटण्या झाल्या आणि २०१६ साली तिनं मुलासाठी तिथं दोन खणांचं घर बांधलं. लाईन वर न्यायची तर अकरा पोल लागत होते, आणि मधे वनखात्याची पट्टी. म्हणून मीच सोलर बसवलं. १५० वॅटच्या दोन प्लेटा, १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी, चार्ज कंट्रोलर, पाच एलईडी, एक डीसी पंखा आणि मोबाईल चार्जिंगचा पॉइंट. पाच दिवे सात-सात वॅटचे, पाच तास लावले तरी पाव युनिटसुद्धा जळत नाही. उन्हाळ्यात एवढ्या प्लेटा दिवसाला युनिटभर वीज सहज देतात. घर उजळलं, विषय संपला असं आम्हाला वाटलं.

२०२१ च्या सुरुवातीला मुलाचं वेगळं रेशन कार्ड काढायचं ठरलं. तालुक्याच्या गावातल्या एका कार्यालयात मी आत्तीला घेऊन गेलो. खिडकीतून प्रश्न आला, "आजी, लाईट बिल आणलंय?"

आत्ती म्हणाली, "लाईट हाय, बिल न्हाई."

"बिल नाही म्हणजे? आकडा टाकलाय काय?"

"आकडा कशाला टाकू? सूर्याची लाईट हाय. त्यो काय बिल पाठवत न्हाई."

सगळे हसले. साहेबही हसले. आणि कागद परत दिले.

मग घरफाळ्याची पावती चालेल म्हणून कळलं. ग्रामपंचायतीत गेलो. घर गावठाणाबाहेरचं, नमुना ८ ला नोंदच नव्हती. नोंद करून घ्या म्हटलं, तर उत्तर आलं, "घर तिथं आहे, राबतं आहे, याला पुरावा? लाईट बिल जोडा." म्हणजे बिल नाही म्हणून नोंद नाही. आणि मीटरसाठी चौकशी केली, तर तिथं सांगितलं, घराच्या नोंदीचा उतारा आणा. गोल फिरून आम्ही परत खिडकीसमोर.

एका जाणत्या माणसानं सल्ला दिला, "खाली भावकीच्या घरात नुसतं मीटर घ्या. वापरू नका. दर महिन्याला स्थिर आकार भरा, बिल येतंय की!" असं करणारी घरं आहेत, मी स्वतः पाहिलीत. लाईटसाठी नाही, कागदासाठी मीटर.

तेव्हापासून मी जुने कायदे वाचायला लागलो. स्वतःची वीज स्वतः करायला या देशात परवानगी कधी लागत होती, कधी उठली, आणि ती उठल्यावर हा बिलाचा कागद तिच्या जागी कसा येऊन बसला, हे मला बघायचं होतं.

ब्रिटिश हिंदुस्थानात विजेचा पहिला कायदा १८८७ चा. मग १९०३ चा, आणि त्यानंतर १९१० चा, जो पुढं जवळजवळ शतकभर चालला. त्यात लायसन होतं ते वीज विकणाऱ्याला. रस्ते खोदून, लोकांच्या डोक्यावरून तारा नेऊन जो धंदा करणार, त्याच्यावर सरकारचा लगाम. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं ते याच काळात.

कोल्हापूर तेव्हा संस्थान. इथं शेवटचा शब्द दरबारचा. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते शेतीच्या पाण्यासाठी. महाराज १९२२ साली गेले, धरण रखडलं, स्वातंत्र्यानंतर पुरं झालं आणि त्याच्या पायथ्याशी ४.८ मेगावॅटचं वीजघर झालं. आज कोल्हापूर पट्ट्यातली मोठमोठी केंद्रं बघता हा आकडा किरकोळ वाटेल. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या डोंगरांचं पाणी त्या वीजघरात फिरलं, त्याच डोंगरातल्या वाड्या पुढं कित्येक वर्षं अंधारात राहिल्या. आमची आत्ती त्यातलीच.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि इथंही देशाचा कायदा आला. तोवर १९४८ चा वीजपुरवठा कायदा झालेला होता. त्याचं कलम ४४ वाचण्यासारखं आहे. नवीन वीजनिर्मिती केंद्र उभारायचं तर वीज मंडळाची आधी लेखी संमती. म्हणजे आता लगाम फक्त विकणाऱ्याला नव्हता, वीज तयार करणाऱ्यालाही होता. घरातल्या छोट्या डायनामोमागं कुणी लागलं नसेल, पण कारखान्यात स्वतःचा मोठा संच बसवायचा तर ही पायरी चढावी लागे.

हे वाचून मला आधी राग आला. परमिट राज म्हणतात ते हेच, असं वाटलं. पण पुढची ओळ वाचली आणि थांबलो. मंडळाला वाटेल तेव्हा नाही म्हणता येत नव्हतं. नकार द्यायचा तर लायसनदाराला, ठरलेल्या मुदतीत तुला पुरेशी वीज आम्ही देऊ, अशी हमी द्यावी लागे. नाहीतर, हीच वीज तुला दुसरीकडून वाजवी वेळेत आणि स्वस्तात मिळेल, हे अर्जदाराला दाखवून द्यावं लागे. म्हणजे नकाराबरोबर जबाबदारी चिकटलेली होती. तू करू नको, कारण आम्ही देतो. प्रत्यक्षात किती दिली हा वेगळा विषय, पण कायद्याची भाषा तरी तशी होती.

त्या काळात त्याला अर्थही होता. यंत्रसामग्री परदेशातून यायची, परकीय चलन तुटपुंजं, आणि जगभर एकच विचार होता की मोठं केंद्र, लांब तारा, सगळ्यांना एकाच जाळ्यात आणायचं, म्हणजे वीज स्वस्त पडते. १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झालं, १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली. आमच्या वडिलांच्या पिढीला "एमएसईबी" हा शब्द सरकारपेक्षा जवळचा. गावात डीपी बसला की नारळ फुटायचा.

ज्यांच्याकडं लाईन पोचली नाही त्यांचा उजेड रेशनच्या रॉकेलवर. तोही कार्डावर, मापात. कंदिलाच्या उजेडालासुद्धा कागद लागत होताच. इतकंच कशाला, बॅटरीवरच्या रेडिओलाही पोस्टातून लायसन काढावं लागायचं, ते ऐंशीच्या दशकात बंद झालं. आज पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं.

आता दुसरा धागा. गावात लाईट आली, असं सरकार कधी म्हणायचं? १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठंही, कशाही कामाला वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत. नदीकाठी एका बागायतदाराची मोटार सुरू झाली, झालं, अख्खं गाव उजळलं. १९९७ ला ती बदलली, वस्तीत वीज हवी असं ठरलं. २००४ ला पुन्हा बदलली. वस्तीत आणि दलित वस्तीत डीपी-तारा हव्यात, शाळा, पंचायत, दवाखाना अशा जागी वीज हवी, आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. दहा टक्के! म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी चालेल.

एप्रिल २०१८ मध्ये मणिपूरमधल्या लेइसांगला वीज पोचली आणि देशातल्या शेवटच्या गावातही लाईट आली असं जाहीर झालं. मोजणी गावांची होती. आपल्या सह्याद्रीच्या कडेला मात्र गाव म्हणजे एक गावठाण आणि चार-पाच वाड्या. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, कुठंही जा. महसुली गाव एक, त्याचे धनगरवाडे लांब लांब. गाव मोजलं गेलं की वाडा त्यात आपोआप बुडतो.

वाड्यांची अजून एक अडचण म्हणजे जंगल. दाजीपूर हे राज्यातलं सगळ्यात जुनं अभयारण्य, १९५८ चं. पुढं १९८५ ला त्याचं राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटर. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानंतर वनजमिनीतून पोल न्यायचा तरी केंद्राच्या मान्यतेपर्यंत विषय जायचा. जंगल राखायलाच हवं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण यामुळंच डोंगरात सोलर ही हौस नव्हती, तोच रस्ता उरला होता.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं इथं एक दार उघडलं, ते फार लोकांना माहीत नाही. कलम ३(२) मध्ये वनजमिनीवर सरकारनं करायच्या १३ सुविधा दिल्यात. शाळा, अंगणवाडी, रस्ता, वीज आणि दूरध्वनीच्या तारा, पिण्याचं पाणी, आणि त्यातच अपारंपरिक ऊर्जा. अटी दोन. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि शिफारस ग्रामसभेची. म्हणजे वाड्यावर सरकारी सोलर हवं असेल तर पहिली सही मंत्रालयात नाही, आपल्या ग्रामसभेत होते.

आता मुख्य वळण. १० जून २००३ ला नवीन वीज कायदा लागू झाला. १९१० आणि १९४८ चे दोन्ही कायदे गेले. वीज तयार करायला लायसन नको. कलम ९ प्रमाणं स्वतःच्या वापरासाठी कुणीही केंद्र उभारावं. लायसन लागतं ते वीज वाहून न्यायला, वाटायला आणि तिचा व्यापार करायला. शेजाऱ्याला वायर देऊन पैसे घ्यायला लागलात तर तुम्ही वाटपात शिरलात. त्यातही सरकारनं अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात कलम १४ नं सूट ठेवलीय. राहिला सुरक्षेचा भाग. जुन्या नियमांत १० किलोवॅटच्या वरच्या संचाला विद्युत निरीक्षकाची लेखी मान्यता लागे. आता कितीपासून तपासणी हे सरकार अधिसूचनेनं ठरवतं. आत्तीच्या ३०० वॅटचा त्याच्याशी काही संबंध नाही.

म्हणजे कायद्यानं आत्ती पूर्ण मोकळी झाली. इथंच गंमत आहे. परवानगी गेली, तिच्याबरोबर कागदही गेला. ज्या घराला कुणाची संमती लागत नाही, त्या घराची नोंदही कुणाच्या दप्तरात होत नाही.

उलट छपरावर प्लेटा लावून लाईनला जोडणाऱ्यांचं बघा. २०१५ ला राज्याच्या वीज नियामक आयोगानं नेट मीटरिंगचे नियम केले, २०१९ ला सुधारून नवे आणले. अर्ज, मंजुरी, करार, मीटरची चाचणी, सगळं कागदावर. २०२४ ला केंद्राच्या नियमांत बदल होऊन १० किलोवॅटपर्यंतची तांत्रिक तपासणीची पायरीसुद्धा गेली. त्याच वर्षी पीएम सूर्यघर योजना आली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये, तीन किंवा त्यावर ७८,००० रुपये अनुदान. चांगली योजना, मी स्वतः लोकांना करून दिलीय. पण ती जोडणी असलेल्या घराला. ज्याच्याकडं लाईनच नाही, त्याला नाही.

डोंगरातल्या घरांचा विचार कधी झालाच नाही असंही नाही. २०१७ च्या सौभाग्य योजनेत लाईन पोचणार नाही अशा घरांना सोलर संच ठेवला होता. २०० ते ३०० वॅटच्या प्लेटा, बॅटरी, पाच एलईडी, एक डीसी पंखा, एक पॉइंट आणि पाच वर्षं देखभाल. आत्तीच्या घरात मी बसवलेलं आणि हे जवळजवळ एकच. म्हणजे सरकारच्या लेखी एवढ्या उजेडाला "विद्युतीकृत घर" म्हणतात. पण खिडकीवर तेच घर अंधारातलं.

लाईनवरच्या सोलरची आणि सुट्या सोलरची तुलना मला महापुरानं शिकवली. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. पूरपट्ट्यात लाईट बंद ठेवावी लागली. पाणी ओसरताना ऊन पडलं आणि मला फोन सुरू झाले, "अहो, छपरावर प्लेटा आहेत, लख्ख ऊन आहे, आणि घरात अंधार कसा?" समजावून सांगितलं की मेन लाईन गेली की हा इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो. नाहीतर तुमची वीज उलटी तारेत जाईल आणि पोलवर चढलेला वायरमन मरेल. लाईनला जोडलेलं सोलर बॅटरीशिवाय लाईनच्याच भरवशावर असतं. हे विकताना नीट सांगितलं जात नाही, यात आम्ही धंदेवाले पण आलो.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आत्तीच्या गावात झाडं पडून पोल गेले, आठ दिवस लाईट नव्हती. आता खरं सांगायचं तर जुलैत राधानगरीला सूर्य कुठं दिसतोय? प्लेटा पाव हिश्शानं चालत होत्या. आत्तीनं पंखा बंद केला, दोनच दिवे ठेवले, आणि उरलेल्या विजेवर मोबाईल लावले. गावठाणातली माणसं पावसात डोंगर चढून फोन चार्ज करायला यायची. प्लास्टिकच्या पिशवीत चार-चार फोन घेऊन. त्यात ग्रामपंचायतीच्या शिपायाचा पण फोन होता. त्याच फोनवरनं तालुक्याला गावाची खबर जात होती.

पावसाळा सरल्यावर आम्ही परत अर्ज केला. या वेळी मी बिलाचा विषयच काढला नाही. पंचायतीच्या हद्दीतल्या इमारतीवर घरफाळा लावणं हे पंचायतीचंच काम आहे, घर जाग्यावर येऊन बघा, पंचनामा करा, एवढंच लिहून दिलं आणि पोच घेतली. पंचनाम्याला साक्षीदार कमी पडले नाहीत. जे फोन घेऊन चढले होते तेच सही करायला आले. नमुना ८ ला नोंद झाली, घरफाळ्याची पावती मिळाली, त्यावर रेशन कार्ड झालं. पहिल्या खेटेपासून चौदा महिने.

या चौदा महिन्यांत कुणी एक माणूस वाईट वागला असं मी म्हणणार नाही. खिडकीवरच्या साहेबांच्या यादीत पहिलं नाव लाईट बिलाचं, ते त्यांनी मागितलं. पण कलम ४४ ची ती ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. जुनं मंडळ नाही म्हणताना निदान वीज कुठून मिळेल ते सांगायला बांधील होतं. आजची खिडकी नाही म्हणते, आणि लाईन कधी येणार, कोण देणार, हे कुणीच सांगत नाही. नकार राहिला, त्याची जबाबदारी तेवढी गळून पडली.

म्हणून माझं म्हणणं मोठं नाही. लाईट बिल हा वीज घेतल्याचा पुरावा आहे, घर असल्याचा नाही. घराचा पुरावा पंचायतीच्या नोंदवहीत असायला हवा. तिथं लाईनवर नसलेल्या घरासमोर "स्वतंत्र सौर" एवढे दोन शब्द लिहिले, तर कार्यालयानं पुढं काय मागावं हा प्रश्न सुटतो. आणि आपल्या डोंगरात अशी घरं किती, हेही पहिल्यांदा कळेल. यासाठी कायदा बदलायला नको. एक ठराव आणि एक पेन पुरेल.

वाडीवर घर असलेल्यांनी एवढं तरी करा. घर झाल्या झाल्या नमुना ८ च्या नोंदीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका, तो लेखी मागा. जागा वनहद्दीत असेल तर ग्रामसभेत कलम ३(२) चा विषय काढा. आणि नुसत्या कागदासाठी मीटर घेऊ नका, त्यानं मागच्या माणसाची वाट अजून अरुंद होते.

रेशन कार्ड हातात आलं तेव्हा आत्तीनं ते उलटंसुलटं करून बघितलं. मला म्हणाली, "आता आमी हितं ऱ्हातोय म्हणायचं तर!" सहा वर्षं त्या घरात दिवा जळत होता.

तुमच्या भागात असा अनुभव असेल तर खाली लिहा. गावाचं, वाडीचं नाव टाका, माणसाचं नको. पुढच्या ग्रामसभांच्या आधी यादी करून ठेवू.